जयंतीचा गळा

मी बोलतोय. आता यात नवल ते काय, शाळेच्या निबंधात फाटकी छत्रीसुद्धा बोलते आणि फुटका फळासुद्धा. पण त्यांचं बोलणं कुणीतरी वहीत बसून रचलेलं असतं. माझं तसं नाही हो. बोलणं हाच माझा धंदा. मी ब्रिस्टलच्या विक्रांत गायकवाडांच्या घशातला डावा स्वरतंतू.

आम्ही दोघे भाऊ, मी डावा आणि तो उजवा. पुढच्या टोकाला एकत्र बांधलेले, मागे मोकळे. विक्रांतने श्वास घेतला की आम्ही बाजूला सरून हवेला वाट देतो. त्याला बोलायचं असलं की जवळ येतो आणि खालून येणाऱ्या हवेवर थरथरतो. लांबी म्हणाल तर नखाएवढी. मला डोळे नाहीत, आणि राहतो तिथे कायमचा अंधार. कान मात्र शेजारीच राहतात, त्यामुळे बाहेरचं सगळं आम्हाला ऐकू येतं.

नांदेडजवळच्या एका गावात कांताबाईच्या पोटी विक्रांत जन्माला आला आणि त्याच क्षणी आम्हाला कामाला जुंपलं. पहिलं रडणं आमचंच. सुईण म्हणाली, "काय खणखणीत गळा हाय पोराचा." तेवढं एक कौतुक वाट्याला आलं. मिसरूड फुटायच्या वयात आम्ही अचानक वाढलो, तेव्हा आमचा ताळमेळ सुटला आणि वर्गातल्या पोरांनी त्याला कोंबडा म्हणून चिडवलं. पुढे मात्र बसला आवाज जागेवर. असा बसला की वस्तीतल्या गायन पार्टीने त्याला पुढे उभं केलं.

आणि मग आली जयंती. चौदा एप्रिलच्या आधी कितीतरी दिवस तालमी चालायच्या. मिरवणुकीच्या दिवशी सकाळपासून गाणी आणि घोषणा, धुळीत, उन्हात, पाण्याचा घोट न घेता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सुजून लाल. विक्रांतच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, नुसती घरघर. त्याचं कुणाला वाईट वाटायचं नाही बरं का. उलट ज्याचा गळा बसला नाही, त्याने जयंतीत काय केलं, असं विचारायचे. घोगऱ्या आवाजाची पोरं आठवडाभर छाती काढून फिरायची. 'जयंतीचा गळा' म्हणायचे त्याला. आम्हीही दमलेले असलो तरी मनातून खूश असायचो, आठ दिवसांत बरेही व्हायचो.

इंजिनिअरिंगला तो औरंगाबादला गेला. तिथे वसतिगृहात बबन नावाच्या मित्राने त्याला पहिली सिगारेट दिली. तो पहिला धूर मला अजून आठवतो. गरम, कोरडा, वरून चिकट. आम्ही दोघांनी खोकून खोकून त्याला बाहेर ढकललं. मित्र हसले, विक्रांतच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, झालं, आता हा पुन्हा तोंड लावणार नाही. भाबडाच होतो मी.

नोकरी त्याला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला घेऊन आली. विमानाच्या पंखांचे भाग बनतात तिथे तो तपासनीस आहे. धातूवर बारीकशी चीर आहे का, ओरखडा किती खोल आहे, हे दिव्याखाली, भिंगाखाली बघायचं. चीर सापडली म्हणून लगेच भाग भंगारात जात नाही. कधी ती घासून काढतात. कधी जपून लक्ष ठेवतात, ठरावीक उड्डाणांनंतर पुन्हा तपासतात. एकदा एका सहकाऱ्याने न तपासलेल्या भागावर तपासला म्हणून सही केली, तेव्हा घरी येऊन विक्रांत एवढा ओरडला की मी सुजलो. "राजश्री, अगं चुकला तर चालतं," तो बायकोला सांगत होता. "खोटं बोललेलं नाही चालत. त्याच्या त्या सहीवर पुढची तपासणी ठरते." हे वाक्य माझ्याच अंगावरून गेलं, म्हणून लक्षात राहिलं.

असा हा चोख माणूस फॅक्टरीच्या गेटबाहेरच्या स्मोकिंग शेल्टरमध्ये रोज जायचा, आणि घरी जाताना मिंट चघळायचा.

रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये आपली मंडळी जमतात. समोर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. विक्रांत पुढे उभा राहून त्रिशरण, पंचशील म्हणतो, बाकीचे मागून म्हणतात. पोरं इंग्रजीत वाढलेली, पण पाली त्याच्या मागोमाग बरोबर म्हणतात. तो आवाज हॉलच्या छताला लागून परत येतो तेव्हा, खरं सांगतो, आम्हालाही भरून येतं.

इथली जयंती मात्र एका दिवसात उरकत नाही. ज्या गावाला ज्या शनिवारी हॉल मिळेल त्या शनिवारी त्या गावची जयंती. आधी ब्रिस्टल, मग साउथहॅम्प्टन, पार मेच्या शेवटी ग्लासगो. विक्रांतला सगळीकडून बोलावणं. गेल्या वर्षी ब्रिस्टलच्या जयंतीनंतर त्याचा गळा बसला आणि सुटलाच नाही. राजश्रीने विचारलं तेव्हा म्हणाला, "जयंतीचा गळा आहे गं, साउथहॅम्प्टन झालं की विश्रांती." साउथहॅम्प्टननंतर म्हणाला, ग्लासगो झालं की. ग्लासगोनंतर परागकणांची ॲलर्जी झाली, मग त्याच्या ऑफिसचा एसी झाला. गरम पाणी, मध, ज्येष्ठमध, सगळं माझ्या अंगावरून गेलं. धूरही जात होताच.

माझं मला कळत होतं. माझ्या कडेला काहीतरी जाड, ताठ झालं होतं. भाऊ जवळ यायचा, पण आमच्यात फट राहायची आणि तिथून नुसती हवा निसटायची. हे कुणाला सांगणार? मी बोलतो ते त्याच्या मनातलं, माझ्या मनातलं बोलायची सोय नाही.

मग जुलैतल्या एका रविवारी त्याने आईला फोन लावला. कांताबाईंचे डोळे आता फारसे कामाचे नाहीत, व्हिडिओ कॉल त्यांना निरुपयोगी. त्या माणूस ओळखतात तो आवाजावरून.

"कोन बोलतंय?" त्या म्हणाल्या.

"अगं मीच, आई. विक्रांत. जयंतीचा गळा आहे."

त्या सावकाश म्हणाल्या, "जयंती कवाच सरली की रं. हितं पावसाळ्याचा वर्षावास बसला, विहारात रोज वाचन चालू हाय. आनी तुझा जयंतीचा गळा आजून बसलेलाच? डागदरला दाखव. मला भुलवू नगंस."

त्याने हसून विषय बदलला. पण मुलगी दिया साउथहॅम्प्टनहून वीकेंडला आली होती, तिने ते ऐकलं. "पप्पा, तुमची घसा एप्रिलपासून असा आहे," ती म्हणाली. "आजीला दिसत नाही तरी तिला कळलं. तुम्ही रोज क्रॅक शोधता ना? मी उद्या जीपीला फोन करते, प्लीज आता नाही म्हणू नका." दियाचं मराठी असंच आहे, 'घसा' कधी तिची असते कधी तिचा. पण त्या दिवशी तिला कुणी दुरुस्त केलं नाही.

जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरबाईने, सगळं ऐकून घेतलं आणि त्याला तातडीने हॉस्पिटलला पाठवलं. इतके आठवडे आवाज घोगरा राहिला आणि वर सिगारेट, म्हटल्यावर थांबायचं नाही, असं तिचं म्हणणं.

तिथे कान-नाक-घशाच्या सर्जन होत्या आश्लेषा कुलकर्णी. मूळ पुण्याच्या. नाव वाचून त्या मराठीतच बोलायला लागल्या. नाकात कडू फवारा मारला आणि बारीक, लवचीक नळी आत सरकवली. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगावर उजेड पडला. इतक्या वर्षांच्या अंधारानंतर एकदम उजेड, आणि तोही कुणीतरी माझ्यातलं वाईट शोधतंय म्हणून. मी आक्रसलो.

"ईऽऽऽ म्हणा," आश्लेषा म्हणाल्या. "हं. आता मोठा श्वास. परत ईऽऽऽ." मग म्हणाल्या, "बघायचंय का स्क्रीनवर?"

विक्रांतने डोळे गच्च मिटून घेतले होते. मानेनेच नको म्हणाला. दिवसभर दुसऱ्यांच्या चिरा बघणारा माणूस, आपलीच बघायची हिंमत नाही.

"डाव्या व्होकल कॉर्डवर पांढरा पॅच आहे," त्या म्हणाल्या. "नुसतं बघून तो काय आहे हे मी सांगू शकत नाही. भूल देऊन छोटा तुकडा काढू आणि तपासू. त्यानंतरच बोलू या."

तुकडा काढला. माझाच. त्यानंतरचे दिवस कसे गेले विचारू नका. राजश्री स्वयंपाक करता करता मध्येच गॅस बंद करून उभी राहायची. विक्रांतला फोन वाजला की दचकायला व्हायचं. कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही, पण तो दोघांच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलेला होता. आणि हा बाबा काळजीने सिगारेट ओढायचा, मग ओढली म्हणून काळजी करायचा. मला रडू येत होतं. पण रडायलाही विक्रांतची परवानगी लागते.

निकालाच्या दिवशी आश्लेषा म्हणाल्या, "कॅन्सर नाही."

राजश्रीने एवढा मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला.

"पण सगळं नॉर्मलही नाही," त्या पुढे म्हणाल्या. "पेशींची ठेवण बदललीय. याला डिस्प्लेशिया म्हणतात. तुमचा लो-ग्रेड आहे, म्हणजे सौम्य. बऱ्याच जणांचं इथेच थांबतं. काहींचं वर्षानुवर्षांनी कॅन्सरकडे जातं. तुम्ही कोणत्या गटात, हे आज कुणीच सांगू शकत नाही."

"मग काढून टाका ना सगळं," विक्रांत म्हणाला. "मुळासकट. मला रिस्कच नको."

"लेझरने पॅच काढू. पण खोल गेले तर तंतू ताठ होईल, आवाज जाईल. पुरेसं काढायचं आणि आवाज वाचेल एवढं ठेवायचं, यातच सगळी कसरत आहे."

विक्रांत हळूच म्हणाला, "आमच्याकडे ओरखडा घासून काढतात. पण एका जाडीच्या खाली घासायचं नाही. पुढे मग लक्ष ठेवायचं."

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या. "आणि लक्ष किती दिवसांनी ठेवायचं ते भागावर किती ताण येतो त्यावर ठरतं, हो ना? तुमच्या घशावरचा सगळ्यात मोठा ताण सिगारेट आहे. दुसरा ॲसिडिटी, रात्री उशिरा जेवू नका. पहिला बंद झाला पाहिजे."

"बंद," तो म्हणाला.

लेझर झालं. त्यानंतर काही दिवस अजिबात बोलायचं नाही, असा हुकूम. नेमका रविवार आला. विक्रांत हॉलमध्ये गेला, आणि सवयीने पुढे उभा राहिला. बोलायचं नाही म्हणजे मोठ्याने नाही, असा त्याचा समज. त्याने अख्खं पंचशील कुजबुजत म्हटलं. कुजबुजताना आम्हाला किती ताण पडतो ठाऊक आहे? मी सोललेला, भाऊ मला दाबतोय. ज्येष्ठ कार्यकर्त्या धम्मशीलाताई पहिल्या रांगेतून उठल्या आणि म्हणाल्या, "विक्रांतभाऊ, खाली बसा. आम्हाला पाठ आहे." सगळ्यांनी त्याच्याशिवाय म्हटलं. तो ऐकत बसला. नंतर आश्लेषांना कळलं तेव्हा त्या चांगल्याच रागावल्या, "कुजबूज बोलण्यापेक्षा वाईट हो, मिस्टर गायकवाड."

हळूहळू मी भरून आलो. आवाज आला, जरा पातळ, पण आला. महिना, दोन महिने धूर नाही. सकाळी उठल्यावर इतकं हलकं वाटायचं की काय सांगू. तपासणीत मी स्वच्छ निघालो.

ऑक्टोबरमध्ये, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीच्या धावपळीत, शेल्टरमध्ये कुणीतरी पाकीट पुढे केलं. एकच, म्हणाला तो मनाशी. मग कोटाच्या आतल्या खिशात पुन्हा मिंट आली.

पुढच्या तपासणीला आश्लेषांनी नळी बाहेर काढता काढता विचारलं, "सिगारेट पूर्ण बंद ना?"

"हो," विक्रांत म्हणाला. "पूर्ण."

म्हणाला तो, पण म्हणवलं माझ्याकडून. आताच त्यांच्या कॅमेऱ्याने मला निरखलं होतं, आणि त्याच माझ्या अंगावरून ते खोटं बाहेर पडलं. मला काही नकार देता येत नाही. आश्लेषांना आनंद झाला. "छान. मग पुढची तपासणी जरा लांबवू या," त्या म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर विक्रांतने बराच वेळ किल्ली फिरवली नाही. त्याला काय आठवत होतं ते मला ठाऊक आहे. खोटी सही करणारा तो सहकारी.

त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी चौथ्या शीलाशी आला की तो अडखळायचा. खोटं न बोलण्याचं शील ते. पन्नास माणसं त्याच्या मागून म्हणण्यासाठी थांबलेली, आणि आमची जुळणीच व्हायची नाही. "पाणी घ्या, भाऊ," धम्मशीलाताई म्हणायच्या. पाण्याने काय होणार? मला भीती वाटत होती ती वेगळी. माझ्या पुढच्या टोकाला पुन्हा काहीतरी ताठ लागत होतं. खरंच लागत होतं की मीच घाबरून तसं समजत होतो, देव जाणे. देव म्हणू नये या घरात, पण तोंडात येतं. आणि तपासणी तर लांबलेली.

तारखेची वाट न बघता विक्रांतने स्वतःच क्लिनिकला फोन केला, आवाज पुन्हा जड वाटतो म्हणून. लवकरची वेळ मिळाली. राजश्री बरोबर आली.

पुन्हा कडू फवारा, पुन्हा नळी, पुन्हा तो उजेड.

"ईऽऽऽ म्हणा," आश्लेषा म्हणाल्या.

विक्रांत ई म्हणाला नाही. नळी नाकात तशीच असताना म्हणाला, "ओढतो मी. ऑक्टोबरपासून. मागच्या वेळी खोटं बोललो."

आश्लेषांचा हात थांबला. राजश्री म्हणाली, "कोटाला वास येतो, अहो. तुम्ही कधी सांगताय, तेवढं बघत होते."

"स्क्रीन दाखवा मला," विक्रांत म्हणाला.

त्यांनी स्क्रीन वळवला असावा, कारण तो एकदम थांबला. मग विचारलं, "हा का तो डावा?" ते विचारताना मी थरथरलो, आणि ते थरथरणं त्याने पाहिलं. इतक्या वर्षांची आमची सोबत, त्याने मला पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. "पुढच्या टोकाला ते पांढरं काय?"

"गिळा एकदा." त्याने गिळलं. "थोडा कफ होता, तो गेला. पण खाली किंचित फिकट आहे अजून, तुमची नजर चांगली आहे. आज कापायची घाई करत नाही. फोटो ठेवते, लवकर परत बघू, वाढलं तर पुन्हा तुकडा घेऊ. आता खरी माहिती आहे, म्हणून खरी तारीख देता येते. सिगारेट सोडायला एकट्याने झगडू नका, आमच्याकडे त्यासाठी माणसं आहेत, दंडावर लावायचे निकोटिनचे पॅच आहेत. आजच नाव घाला."

त्याने नाव घातलं. हे चार आठवड्यांपूर्वीचं. धूर आलेला नाही. एकदा शेल्टरपर्यंत गेला होता, बाहेर उभा राहून परत फिरला. माझ्यावरचा तो फिकट भाग काय करणार आहे, मला माहीत नाही. मला स्वतःला बघता येत नाही. पुढचा उजेड पडेल तेव्हा कळेल, आणि तोवर जिवाला घोर आहेच. तुम्हाला एवढंच सांगतो, आवाज घोगरा झाला आणि बरा होईना, तर त्याला हे कारण, ते कारण लावून बसू नका. आम्हाला हाक मारता येत नाही. तो घोगरेपणा हीच आमची हाक.

काल रविवार होता. वंदना झाली, चौथं शील अडलं नाही. घरी येऊन त्याने नांदेडला फोन लावला. आईला आजवर यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"कोन बोलतंय?" कांताबाई म्हणाल्या. पातळ झालेला आवाज त्यांना ओळखू येत नव्हता.

भाऊ माझ्या जवळ आला.

"मी बोलतोय, आई," तो म्हणाला. "जयंतीचा गळा नव्हता तो. बस जरा, सगळं सांगतो."